रिसीव्हरची गवसणी

१८ जानेवारी

त्या सकाळी मी पाणी भरलं, भांडी जागेवर लावली, मशीनला तेल दिलं आणि चिंधीचा बोळा खाली धरून सुई नुसतीच चालवली. तसं केलं म्हणजे जास्तीचं तेल गिऱ्हाइकाच्या कापडाला लागत नाही. तुझे बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. पत्र्याच्या डब्यावर भोक कुठे पाडायचं त्याची खूण करायची होती आणि पेन्सिल काही उमटत नव्हती. म्हणाले, "तुझा खडू दे गं." मी मापाचा खडू दिला. त्यांनी खूण केली, फुंकर मारली आणि म्हणाले, "एवढं झालं की तुझ्या तोंडाला कुलूप." मी म्हटलं, "बघू कोणाच्या तोंडाला लागतं ते." आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. खाली आले तर चहा तसाच निवलेला, आणि खडू जमिनीवर पडून त्याचे दोन तुकडे झालेले. पुढचं तुला ठाऊक आहे.

तो डबा मी पुरा केला. हे सांगायला पत्र लिहिते आहे.

वर हाक लिहिलेली नाही, कारण काय लिहावं ते कळेना. आधी 'बाळा' लिहिलं आणि खोडलं. टगबोटीवर कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे तुला 'बाळ' म्हणून चिडवतात, ते माझ्या फोनांमुळे, हे जेट्टीच्या ऑफिसातल्या बाईंच्या तोंडून निसटलं. बाबा गेल्यावर जरा वारा सुटला की मी ऑफिसात फोन करायचे, "माझं बाळ बोटीवर ठीक आहे ना?" तू नंबर बदललास. घरी यायचं सोडलंस. त्याचा मला राग नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. थोडा आहे.

आता डब्याबद्दल. संगणकाला लावून टीव्ही बघायची म्हणून एक बोटभर लांबीची काडी विकत मिळते, स्वस्तातली. बाबा म्हणायचे, हिच्याकडून नुसता टीव्ही बघणं म्हणजे शिंप्याला बोलावून नुसती बटणं लावून घेणं. तिला योग्य तो प्रोग्रॅम दिला की ती हवेतलं बरंच काही पकडते. प्रत्येक बोट थोड्या थोड्या वेळाने रेडिओवरून आपली खूण पाठवत असते, मी अमकी, इथे आहे, या वेगाने या बाजूला चालले आहे. हे मी तुला सांगायला नको. ती खूण पकडली की पडद्यावरच्या नकाशात एक लहानसा त्रिकोण उमटतो. बाबा ते माझ्यासाठी करत होते. बोट डोळ्यांना दिसली की ही फोनला हात लावणार नाही, असा त्यांचा अंदाज.

काडी उघडी ठेवली तर माझ्या मशीनची मोटर, ट्यूबलाइट, शेजारचा मिक्सर, सगळ्यांची खरखर तिच्यात शिरते. म्हणून तिचं प्लास्टिक सोलून आतली पट्टी पत्र्याच्या डब्यात बसवायची, हे काम अर्ध्यावर राहिलं होतं. बाबांचे कागद सगळे इंग्रजीत. माझी शाळा चौथीत संपली, पुढचं वाचनालयाने केलं, तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत गेले. 'ग्राउंड' म्हणजे जमीन एवढं मला येत होतं. डब्याला जमीन कशाला लागते ते कळायला एक आठवडा गेला. कथिलाचा पहिला डाग दिला तो शेंबडासारखा ओघळला. तुझ्या आत्या शेजारी बसून बघत होत्या. हल्ली त्या माझ्याकडेच असतात.

"दादा असता तर हसला असता," म्हणाल्या.

"ते असते तर त्यांनीच केलं असतं, वन्सं. टॉर्च नीट धरा."

"धरलाय की. तूच उजेडात डोकं घालतेस."

गच्चीवर कपड्यांच्या खांबाला प्लास्टिकचा पाइप बांधला, त्यावर तांब्याच्या दोन तारांची एरियल. परवा पडदा सुरू केला. बराच वेळ नुसतं निळं पाणी. मग एक त्रिकोण, मग चार. आणि धक्क्याच्या टोकाशी तुझ्या टगचं नाव.

तुला न सांगता बघत बसणं बरं वाटेना, म्हणून सांगितलं. फोन करणार नाही. शब्द देते.

९ फेब्रुवारी

उत्तराची वाट बघत नाही असं आत्यांना सांगते आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मशीन थांबवते. जेट्टीच्या बाई म्हणाल्या की तुझ्या खणातलं पत्र तू नेलंस. "वाचलं का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, खिशात घातलं एवढं बघितलं. आत डोकावून बघू का?"

मी तुला फार वेळ बघत नाही. सकाळची कामं उरकली की एकदा, आणि दिवेलागणीला एकदा. मध्ये कधी उठले तर जाता जाता. आत्यांना विचारलंस तर त्या वेगळं सांगतील.

टगचं काम किती वेगळं असतं ते मला आत्ता कळतंय. मला वाटायचं बोट म्हणजे समुद्रात दूर जाणार. तुझी टग उठते, बंदराच्या तोंडाशी आलेल्या मोठ्या जहाजाजवळ जाते, त्याच्या कुशीला लागते, हळूहळू त्याला धक्क्यावर आणून लावते आणि परत आपल्या जागेवर येऊन बसते. जहाजाचा त्रिकोण आणि तुझा त्रिकोण एकावर एक चढतात तेव्हा माझं मशीन थांबतं. एवढं लोखंड, आणि मध्ये तू. सुटे झालात की मी पुढची टीप मारते. या महिन्यात माझ्या टिपा वाकड्या जायला लागल्यात, हे गिऱ्हाइकांनी अजून ओळखलेलं नाही.

रिसीव्हरची मला निराळीच काळजी लागली होती. एरियलची तार आत येते म्हणून खिडकी नीट मिटत नाही. समुद्रावरची दमट हवा थेट डब्यावर. सकाळी पत्र्याला घाम सुटलेला असतो. एका डागावर हिरवट बुरशीसारखं दिसलं. हा बंद पडला तर परत अंधार.

मग मी माझ्याच धंद्यातला उपाय केला. आयुष्यभर लोकांच्या वस्तूंना गवसण्या शिवल्या. वजनकाटे, टाइपरायटर, मोटारींच्या सीटा, एकदा तर एका डॉक्टरांचा सांगाडा. आपल्या डब्याला नको का? बाहेरून मेणकापड, मध्ये जाड स्पंज, आत मऊ अस्तर, आणि तारेपुरतं काज केलेलं. डब्याच्या आत पट्टी खुळखुळायची म्हणून तिच्याभोवतीही कापूस ठासला. शिवण इतकी बेतशीर बसली की कुठून सुरू केली ते मला शोधावं लागतं.

आत्या म्हणाल्या, "माझ्या भावाला जन्मात एक स्वेटर विणला नाहीस, आणि या काडीचे लाड बघ."

"त्यांना उकडायचं, वन्सं."

"हिला विचारलंस का?"

मी हसले. इथे वारा आहे. तुझ्याकडे जास्त असणार. कानाला काहीतरी बांधत जा. हे काळजी म्हणून लिहिलेलं नाही, सहज लिहिलंय.

२ मार्च

तुझा आवाज ऐकला. ओरडलास, तरी ऐकला.

तू फोन आपटल्यावर मी जे सांगणार होते ते लिहिते. वाचून फाडलंस तरी चालेल.

परवाची दुपार तापलेली होती. दोन मोठी जहाजं पडद्यावर ठळक होती. तुझी टग त्यांतल्या एकाकडे निघाली, अर्ध्या वाटेवर गेली आणि नाहीशी झाली. मी वाट बघितली. धक्क्याला बांधलेली असली तरी बोट काही मिनिटांनी खूण पाठवतेच, हे मी वाचलेलं होतं. खूण नाही. जहाजं दिसतायत, ती आपापल्या जागी आहेत, मग रिसीव्हर बिघडला असं कसं म्हणू? त्या दोन्हींच्या मध्ये फक्त तू नव्हतास.

फोन करणार नाही असा शब्द दिला होता. फोन केला नाही. चालत बंदर कचेरीत गेले. पायात घरातल्या सपाता होत्या, हे तिथे पोचल्यावर दिसलं.

तिथला अधिकारी वाईट माणूस नाही. "बाई, बोट बुडाली हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ती दिसत नाही."

"इथून कुणालाच दिसत नाही. मध्ये गोदाम आहे."

मी रडले असेन. त्याने माझ्यासाठी म्हणून रेडिओ उचलला आणि तुमच्या कप्तानाला हाक मारली. तुम्ही त्या क्षणी जहाजाचा दोर धरून होता, हे मला माहीत नव्हतं. कप्तान म्हणाला, "काय झालं, लवकर बोला." आणि हा म्हणाला, "तुमच्या इंजिनावरच्या पोराची आई आली आहे." तो रेडिओ सगळ्या बोटी ऐकतात, हेही मला तिथेच कळलं. कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणीतरी. मी काउंटर धरून उभी होते आणि मनात एकच, की आहे, बोट आहे. लाज घरी आल्यावर वाटली.

तू केलेला फोन मला शब्दन्‌शब्द आठवतो.

"आई, ऐकतेस?"

"हो रे, बोल. जेवलास का?"

"जेवलास काय विचारतेस! आज अख्ख्या बंदराने ऐकलं. पायलट बोटवाले भोंगा वाजवून 'बाळाऽ' ओरडतायत. दोर ताणलेला होता, आई. कप्तानाचं लक्ष चुकलं असतं तर?"

"मला वाटलं—"

"तुला कायम वाटतं. बाबांना माझ्यासाठी ही बोटीवरच राहायची नोकरी का शोधावी लागली, विचारलंस कधी स्वतःला?"

मग तू कराराचं सांगितलंस. दूरच्या बंदरावर जागा आहे, तीन वर्षांची, कागद तुझ्या ट्रंकेत आहे. "आणखी एकदा, आई. फक्त एकदा. कुणाला फोन केलास, चालत गेलीस, कबुतर पाठवलंस, मी सही करतो आणि जातो."

कबुतरावर मला हसू आलं होतं. तू समोर नव्हतास म्हणून वाचले.

तुझं म्हणणं मला कळलं आहे. परत लिहून दाखवते, म्हणजे तुला खात्री पटेल. आणखी एकदा विचारपूस केली तर तू जाशील.

११ मार्च

तुझी टग कुठे गेली होती ते सापडलं. कुठेही गेली नव्हती. मी तिला शिवून टाकलं होतं.

त्यानंतरही रोज तेच व्हायचं. सकाळी तू स्वच्छ दिसायचास आणि दुपार चढली की पुसला जायचास. संध्याकाळी परत. मी हात मांडीखाली दाबून बसायचे आणि कचेरीत जायचे नाही. चौथ्या की पाचव्या दुपारी डोक्यात आलं की बुडणारी बोट रोज संध्याकाळी वर येत नाही. मग बाबांचे कागद पुन्हा काढले. एका पानाच्या कडेला त्यांनी खालून रेघ मारलेली होती. शब्दकोशात एकेक शब्द काढून वाक्य जुळवलं. ही स्वस्तातली काडी चालताना तापते. तापली की तिच्यातल्या बारीकशा स्फटिकाचा ताल सरकतो, आणि जिथे कान लावायचा त्याच्या थोडं बाजूला ती कान लावून बसते. जहाजांची खूण दणदणीत असते, ती तरीही ऐकू येते. लहान बोटीची बारीक असते, ती आधी जाते.

मी गवसणीच्या काजातून बोट घातलं. डबा इस्त्रीसारखा तापलेला.

वारा लागू नये, घाम येऊ नये, धक्का बसू नये म्हणून जेवढं करता येईल तेवढं मी केलं होतं. शिवणीत एक टाका चुकलेला नव्हता. म्हणून तर आतली ऊब कुठूनच बाहेर पडत नव्हती. याबद्दल आणखी लिहीत नाही.

उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आतला कापूस चिमट्याने वेचून काढला. मग कागदात दिलं होतं तसं केलं. पट्टीच्या पाठीला, जिथे ती सगळ्यात जास्त तापते तिथे, एक मऊ रबरी चकती लावली. तिच्यातून ऊब पलीकडे जाते. त्यावर ॲल्युमिनियमचा जाड तुकडा, आणि तो थेट डब्याच्या पत्र्याला स्क्रूने आवळला. म्हणजे डबाच तिची ऊब अंगावर घेतो आणि हवेला देतो. खाली आणि वर भोकांची एकेक रांग पाडली. बुरशी येते त्या डागांवर नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश फासलं. ते आत्यांकडे निघालं. या वयात कशाला होतं ते मी विचारलं नाही.

मग ऐन दुपारी पडदा लावला. तू होतास. जहाजाच्या कुशीला लागलेला, तिन्ही कोपरे ठळक. मी रिसीव्हरवर वर्तमानपत्राने वारा घातला तरी तू तिथेच, थांबवला तरी तिथेच.

उसवलेली गवसणी आत्यांनी परत शिवून घेतली आणि गरम पाण्याच्या पिशवीला घातली. म्हणतात, सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत कढत राहतं. ज्याला त्याला सांगत सुटल्यात.

तुझी सही झाली का, हे विचारणं म्हणजे विचारपूस होते का? होत असेल तर विचारलं नाही असं समज.

२६ मार्च

हे पत्र मी सरळ एका बैठकीत लिहीत नाही. मध्ये मध्ये लिहिते आहे. हाताला काम हवं म्हणून.

सकाळची कामं उरकून पडदा लावला तर तू नव्हतास. काल दिवेलागणीला जागेवर होतास. आज जागा रिकामी. पहिल्यांदा डब्याला हात लावला. कोमट आहे. बंद केला, थंड होऊ दिला, परत लावला. मासेमारीची एक छोटी होडी, तुझ्याहून बारीक खुणेची, अगदी साफ दिसते आहे. गच्चीवर जाऊन एरियल बघितली. तारा जागच्या जागी.

म्हणजे या वेळी चूक माझी नाही. आणि हेच जास्त वाईट.

*

जेवण झालं. म्हणजे ताटं घासली. खाल्लं किती ते आत्यांनी बघितलं.

वारा सकाळपासून आहे. फार नाही, पण गच्चीवरची चादर फडफडतेय एवढा. काल संध्याकाळनंतर केव्हातरी तू गेलास. टग इतकी दूर जात नाही. दिवसभर बांधून ठेवली तरी खूण यायला हवी. खूण नाही म्हणजे बोटीवर वीज नाही. वीज का नसेल, याची यादी माझ्या डोक्यात आपोआप होते, ती इथे लिहीत नाही.

फोन समोर आहे. मी फोन केला आणि तू ठीक असलास, तर तू तीन वर्षं जाशील. केला नाही आणि तू ठीक नसलास, तर... दोन्ही बाजूंनी तूच जातोस. मी सारखी हेच उलटंसुलटं करते आहे.

*

आज मी आणखी एक गोष्ट केली, ती सांगून टाकते. या रिसीव्हरवर बोटींचं बोलणंही ऐकता येतं. आजवर मी ते लावलं नव्हतं. दिसतोस तेवढं पुरे, चोरून ऐकायचं नाही, असं माझं मीच ठरवलेलं. एका वेळी एकच होतं, बोलणं ऐकायचं तर नकाशा बंद करावा लागतो. आज केला. जहाज आत आणणारा पायलट कुणाला तरी दोर सैल सोड म्हणत होता. कुणी खोकत होतं. एकाने विचारलं, "चहा आहे का तुमच्याकडे?" आणि दुसरा म्हणाला, "आहे, पण तुला नाही." कुणीही घाबरलेलं नव्हतं. तुझ्या टगचं नाव कुणी घेतलं नाही.

बराच वेळ ऐकल्यावर एक लक्षात आलं. ही माणसं दिवसभर एकमेकांना हाका मारत असतात. कोण कुठे, कोणाचा दोर, कोणाचं इंजिन. तू दिसेनासा झालास तर माझ्याआधी यांना कळणार. तुझ्यावर लक्ष ठेवणारी मी एकटीच, असं मी कुठेतरी धरून चालले होते. यांची नावंही मला माहीत नाहीत.

असं लिहिलं म्हणून फोनकडे बघणं थांबलं असं नाही.

*

आत्यांशी भांडण झालं.

"अगं कर ना फोन!"

"नाही."

"मी करते. मी कुठे शब्द दिलाय कुणाला? आत्या आहे मी त्याची."

"वन्सं, फोन खाली ठेवा."

"एवढी दगड कधीपासून झालीस? वारा बघ बाहेर! पोरगं कुठे आहे, कसं आहे—"

"ठेवा म्हणते ना!"

आजवर मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. फोन ठेवला त्यांनी. मग पलंगावर तोंड फिरवून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझे हात बघ." मी बघितले. मापाची टेप मी बोटांना इतकी घट्ट गुंडाळली होती की टोकं पांढरी पडली होती.

हो, मी करत नाही. हे तुझ्यावर रागावून नाही आणि करारालाच घाबरून आहे असंही नाही. तू मला सांगितलंस तुला काय नको आहे. बाबा हयात असताना मी ते तसं ऐकून घेतलं नव्हतं. आज ऐकते आहे. तू आत्ता बुडत असलास तर मला क्षमा नाही, हेही मला माहीत आहे. दोन्ही एकदम माहीत असूनही बसून राहिले आहे.

दिवे लागले. खिडकीतून बंदराचे दिसतात. नेहमीइतकेच आहेत.

फोन वाजतो आहे.

३० मार्च

आपण भेटलो, बोललो. तरी काही राहिलं, ते लिहिते.

त्या संध्याकाळी फोनवर तू पहिल्यांदा काय म्हणालास आठवतं? "आई, तू बरी आहेस ना?" मला वाटलं, हे वाक्य माझं. ते तुझ्या तोंडी कसं?

"मी बरी आहे."

"आत्या?"

"भिंतीकडे तोंड करून बसल्यात. पण बऱ्या आहेत."

"मग... कुठे फोन नाही केलास?"

"नाही."

"ऑफिसात? कचेरीत?"

"कुठेही नाही."

मग जवळजवळ चिडून म्हणालास, "सकाळपासून दिसत नव्हतो तुला. कप्तान दिवसभर घड्याळ बघतोय, बाळाच्या आईचा फोन अजून कसा नाही. मला वाटलं, तुलाच काहीतरी झालं."

फोन आत्यांनी ओढला, "मेल्या, कुठे होतास!" आणि सगळं त्यांनाच आधी कळलं. आदल्या दिवशी अंधार पडल्यावर टग दुरुस्तीच्या गोदीत नेली, वर काढली, बॅटऱ्या उतरवल्या. तळ खरवडून रंग द्यायचा आहे. बुडायला ती पाण्यात होती कुठे!

मग मी परत फोन घेतला तेव्हा तू म्हणालास, "सांगणार होतो मी. पत्रासाठी पाकीटही आणलं होतं. मग म्हटलं, बघू."

"काय बघू?"

"काही नाही." आणि लगेच, "टग बघायची असली तर ये उद्या. जेवणाच्या सुट्टीत. पाण्याबाहेर आहे, काळजी करायला काही नाही."

कराराचं तू बोलला नाहीस. भेटलो तेव्हाही नाही. मी विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. तुझ्या ट्रंकेत काय आहे ते तुझ्या ट्रंकेत राहू दे.

आता राहिलेली गोष्ट. तू मला फाटकाशी घ्यायला आलास तेव्हा म्हणालास, "अगदी वेळेवर आलीस." मी हो म्हटलं. ते खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी उजाडताच पहिली बस पकडली होती. गोदीच्या समोर रस्त्यापलीकडे एक चहाची टपरी आहे, तिच्या बाकावर बसले. भिंतीवरून टग दिसत होती. तिचं पोट लाल आहे, शिंपल्यांनी भरलेलं, आणि पडद्यावर वाटते त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. तू एका अरुंद फळीवर उंच उभा होतास आणि खरवडत होतास. कमरेला दोर नव्हता. एकदा मागे वळून कुणाशी तरी हसत बोललास आणि फळी हलली. टपरीवाला म्हणाला, "ताई, चहा सांडतोय." मी ग्लास खाली ठेवला आणि जेवणाचा भोंगा होईपर्यंत बाकावरून उठले नाही. भोंगा झाल्यावर रस्ता ओलांडला आणि रखवालदाराला सांगितलं, मला बोलावलं आहे.